सत्तावीस ठिपके

आमचे डॉक्टर पेशंटच्या पोटात दुर्बीण घालायच्या आधी पायातले बूट काढून ठेवायचे. मी नोकरीला लागले त्या पहिल्याच दिवशी हे बघितलं आणि मला वाटलं, स्वच्छतेचा काहीतरी नियम असेल. म्हणून मीही चपला काढल्या. तर माझ्यावरच खेकसले, "तुम्ही कशाला काढल्या? तुम्ही कुठं आत येणार आहात?"

मग तुम्ही का काढता, असं मी भीत भीत विचारलं.

"सिस्टर, दुसऱ्याच्या घरात बूट घालून जातं का कुणी?"

हा माणूस विनोद करतोय की खरंच बोलतोय, हे मला बारा वर्षांत कळलं नाही. राजीनाम्याचा कागद मी तीनदा लिहिला. दर वेळी तो पर्समधून काढायच्या आत काहीतरी असं घडायचं की हसता हसता द्यायचा राहून जायचा. आता डॉक्टर लेकीकडे राहायला गेलेत, दवाखाना बंद झालाय. मी एका मोठ्या दवाखान्यात आहे. तिथं पोट टीव्हीवर दिसतं, डॉक्टर बूट घालूनच काम करतात आणि कुणी कुणाशी एक शब्द जास्त बोलत नाही. पगार वेळेवर होतो. कंटाळाही रोज वेळेवर येतो.

आमचा दवाखाना परभणीत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत होता, एका सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या वर. दोन खोल्या, एक बाकडं, पाण्याचा माठ आणि दुर्बीण. ही दुर्बीण म्हणजे करंगळीएवढी जाड आणि अडीच हात लांब अशी काळी, वळणारी नळी. तिच्या आत सुताहून बारीक असे काचेचे हजारो धागे. एका जुडग्यातून उजेड पोटात जायचा, दुसऱ्या जुडग्यातून पोटाचं चित्र वर यायचं आणि वरच्या टोकाच्या भिंगाला डोळा लावला की ते दिसायचं. एका वेळी एकाच माणसाला, तेही एकाच डोळ्याला. मुंबईच्या कुठल्याशा दवाखान्यानं मोडीत काढलेली ती दुर्बीण डॉक्टरांनी तरुणपणी विकत घेतली होती. त्यानंतर त्यांनी दोन स्कूटर बदलल्या, एक घर बदललं, पण दुर्बीण बदलली नाही. टीव्हीवाली नवी दुर्बीण विकायला टाय लावलेली माणसं यायची. डॉक्टर त्यांना चहा पाजायचे आणि म्हणायचे, "टीव्हीच बघायचा तर मी घरी बसून बघीन की. त्याला पेशंट कशाला पाहिजे?"

इतकी वर्षं एका डोळ्यानं बघून बघून त्यांचा डावा डोळा आपोआप मिटायला लागला होता. काही नीट निरखायचं म्हटलं की डावा डोळा बंद. एकदा भाजीबाजारात ते वांगी बघत होते. वांग्यांच्या पलीकडे एक शिक्षिकाबाई उभ्या होत्या. डॉक्टर वांग्यातली कीड शोधत होते आणि बाईंना वाटलं, हा म्हातारा आपल्याला डोळा मारतोय. संध्याकाळी बाईंचे यजमान दवाखान्यात भांडायला आले. डॉक्टरांनी त्यांना आदरानं बसवलं, पाणी दिलं, काय झालं ते सविस्तर सांगा म्हणाले आणि मन लावून ऐकताना त्यांच्याकडे निरखून बघितलं. म्हणजे त्यांनाही डोळा मारला. तो गृहस्थ पाण्याचा ग्लास तसाच ठेवून जिना उतरून गेला.

तोंडावर डॉक्टरांचा विश्वास नव्हता, पोटावर होता. तपासणीला उपाशी पोटी यावं लागतं. एका साहेबांनी शपथेवर सांगितलं की कालपासून पाण्याचा थेंबसुद्धा घेतलेला नाही. डॉक्टरांनी दुर्बीण घातली, भिंगाला डोळा लावला आणि जाहीर केलं, "भजी. कांद्याची. दोन तरी असतील." बाहेर बाकड्यावर बसलेली त्यांची बायको दार ढकलून आत आली. "घरी तर मी भजी केलीच न्हाईत! कुणाच्या घरी खाल्लीत?" साहेबांच्या तोंडात नळी होती, त्यामुळे त्यांना उत्तर देता आलं नाही, आणि मला वाटतं त्या नळीनं त्या दिवशी त्यांची अब्रू वाचवली.

आता ठिपक्यांचं सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्यांच्यामुळेच झालं. दुर्बिणीतला काचेचा धागा तुटला की तेवढ्या जागेतून चित्र येत नाही, आणि भिंगात तिथं एक काळा ठिपका दिसायला लागतो. तो कायमचा. पोट कुणाचंही असो, ठिपका जिथल्या तिथं. जुनी दुर्बीण म्हणजे ठिपके असायचेच. पण आमच्या डॉक्टरांनी त्यांना नावं ठेवली होती. पहिला ठिपका पेडगावच्या एका पैलवानामुळे पडला. दातात धरायचा प्लास्टिकचा तुकडा त्यानं जिभेनं बाहेर ढकलला आणि नळी कचकन चावली. त्या ठिपक्याचं नाव 'पैलवान'. दुसरा 'हेडमास्तर'. एक 'वकिलीणबाई'. धुताना मी एकदा नळी जरा जास्त वळवली, म्हणून एक माझ्याही नावावर होता. माझ्यावर राग असला की ते मुद्दाम म्हणायचे, "सिस्टर मधेच कडमडल्यात, काही दिसत नाही." भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पाठीमागे त्यांनी मोठं वर्तुळ काढून त्यात प्रत्येक ठिपका नावासकट मांडून ठेवला होता. शेवटी शेवटी ते सत्तावीस झाले, तेव्हा डॉक्टर खूश झाले. म्हणाले, "नक्षत्रं पुरी झाली."

रोगसुद्धा ते ठिपक्यांवरूनच सांगायचे. "लिहा सिस्टर, पैलवानाच्या खाली, वकिलीणबाईच्या उजव्या हाताला छोटी जखम." पोखर्णीच्या एका म्हाताऱ्यानं हे पडल्या पडल्या ऐकलं. नळी बाहेर काढल्याबरोबर त्यानं तोंड पुसलं आणि हात जोडून विचारलं, "डागदर साहेब, पैलवान गेला आसंल एकांद्या टायमाला, पर वकिलीणबाई माज्या पोटात कशी गेली वो?"

डॉक्टरांचा आणखी एक नियम होता. पेशंटच्या घरच्या माणसानं भिंगातून आत बघायचंच. पेशंट पोटात नळी घेऊन डोळ्यांतून पाणी काढतोय आणि त्याची भावकी एकामागून एक वाकून दर्शन घेतेय, असं आमच्याकडे रोज चालायचं. मी कितीदा म्हटलं, सर, कशाला त्या जिवाला ताटकळत ठेवायचं? त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "मी सांगितलेलं हे लोक जिना उतरेपर्यंत विसरतात. स्वतः बघितलेलं माणूस मरेपर्यंत विसरत नाही." या वाक्यावर ते फार खूश असायचे.

ते रामायण ज्यांच्यावरून घडलं, ते कुटुंब आलं पाथरीकडच्या एका खेड्यातून, जीप करून. म्हातारी, तिचा थोरला मुलगा, धाकटा मुलगा आणि धाकट्याची बायको सविता. थोरली सून घरी जनावरांपाशी राहिली होती. थोरल्याच्या पोटात सहा महिन्यांपासून आग पडत होती. म्हातारी त्याला आधी एका जाणत्याकडे घेऊन गेली होती. त्यानं लिंबू फिरवून सांगितलं की ही करणी आहे, घरातल्याच बाईनं जेवणातून काहीतरी घातलंय, ते पोटात बसलंय. थोरली सून म्हातारीच्या सख्ख्या भावाची लेक. मग उरली कोण, हे सांगायला दुसऱ्या जाणत्याची गरज नव्हती.

धाकटा बारावीपर्यंत शिकलेला. त्यानं मध्ये पडून तोड काढली होती की परभणीला दुर्बिणीवाला डॉक्टर आहे, तो घरच्यांना आतलं दाखवतो, आपण डोळ्यानं बघू. आत काही नसलं तर हा विषय कायमचा बंद. आणि असलं तर सविताला तिथूनच माहेरी पेडगावला नेऊन सोडायची, परत आणायची नाही. हे सगळं म्हातारीनं मला नाव-पत्ता लिहून घेतानाच सांगून टाकलं. "पिशवी भरून आणलीय तिची, जीपमंदी ठिवलीय," असंही म्हणाली. सविता तेव्हा बाकड्याच्या टोकाला थर्मास मांडीवर घेऊन बसली होती. वय असेल तेवीस-चोवीस. तिनं ऐकलं, पण मान वर केली नाही. मला इतका राग आला की म्हातारीचं नाव मी दोनदा चुकीचं लिहिलं.

आमचे डॉक्टर मात्र आनंदात. "झकास! असेच लोक पाहिजेत. पुरावा मागणारे!" सविता सगळ्यांना थर्मासमधला चहा देत होती. थोरल्याला उपाशी राहायचं होतं आणि म्हातारीनं कपाला हात लावला नाही. फुकटचा चहा डॉक्टरांना कधी नाकारता आला नाही, त्यांनी घेतला. मीही घेतला. मग डॉक्टरांनी बूट काढले, थोरल्याच्या घशात औषधाचा फवारा मारला आणि दुर्बीण आत घातली.

"काही नाही," थोड्या वेळानं ते म्हणाले. "जठर लाल झालंय, एक बारकी जखम आहे. तंबाखू आणि कंबरदुखीच्या गोळ्या, दोन्ही बंद करायचं. या आजी, बघा तुमच्या डोळ्यानं."

म्हातारी वाकली. भिंगाला डोळा लावला. मग तिची बोटं हलायला लागली. ती मोजत होती.

"हायेत की," ती म्हणाली. "काळे काळे. एक इस आन सात."

धाकट्यानं बघितलं. उठला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "काळं दिसायलंय खरं," एवढंच तो बोलला.

"हिच्या लगनाला म्हयने किती झाले रं?" म्हातारीनं विचारलं.

धाकट्यानं मनात हिशेब केला, आणि हिशेब करायला नको होता असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. "सत्तावीस."

डॉक्टरांनी नळी बाहेर काढली. त्यांच्या लक्षात आलं होतं, आणि मला वाटलं ते आता हसतील. पण ते गडबडले. "अहो आजी, हे ठिपके पोटात नाहीत, माझ्या दुर्बिणीत आहेत! आतल्या काचेचे धागे तुटलेत. थांबा, तुम्हाला दाखवतो." त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं आणि पाठीमागचा नकाशा म्हातारीसमोर धरला. "हे बघा. सत्तावीस. प्रत्येकाचं नाव आहे. हा पहिला, पेडगावचा पैलवान…"

"पेडगावचा?" म्हातारीनं तोंडाला पदर लावला. "हिचं म्हायेर पेडगाव हाय!"

"अहो, त्या पैलवानाचा हिच्याशी काय संबंध?"

"ते तिलाच इचारा."

"मी न्हाई वळकत कुण्या पैलवानाला," सविता दारातून म्हणाली.

"बगा, कशी पटकन बोलली!"

डॉक्टरांनी कॅलेंडर गुंडाळलं आणि दुर्बिणीचं टोक समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे धरलं. म्हातारीला भिंगाशी वाकवलं. "काय दिसतंय? ठिपके आहेत ना? मग आता भिंतीवर करणी कुणी केली, सांगा!"

"भित्तीवर कामून करंल कुणी? पोटातलं नळीला लागून भाईर आलंय."

आता डॉक्टरांचे डोळे चमकले. "बरं, बाहेर आलं ना? म्हणजे मुलाच्या पोटातून निघालं. मग मिटलं की!"

"निगालं म्हंजे हुतं," म्हातारी शांतपणे म्हणाली. "हुतं म्हंजे कुणीतरी घातलं."

एवढं शुद्ध तर्कशास्त्र मी कॉलेजातसुद्धा ऐकलं नव्हतं. डॉक्टरांनी मला दुर्बीण धुवायला सांगितली. मी औषधात बुडवून वीस मिनिटं ठेवली, साफ केली, पुसली, आणली. म्हातारीनं पुन्हा बघितलं. ठिपके होतेच. "आवषिदानंबी जाईना, म्हंजे साधीसुधी न्हाई," ती म्हणाली, आणि थोरला, जो इतका वेळ आपला चांगला उठून बसला होता, तो हे ऐकून पुन्हा आडवा झाला.

मी डॉक्टरांना बाजूला घेऊन म्हटलं, "सर, चौकातल्या दवाखान्यात टीव्हीवाली दुर्बीण आहे. तिथं पाठवा, त्यात ठिपके दिसणार नाहीत. एका मिनिटात निकाल लागेल." डॉक्टर दुखावले. पण म्हातारीचे कान तिखट, तिनं ऐकलं आणि डॉक्टरांचीच बाजू घेतली. "तितं दिसत न्हाई म्हंजे ती दुर्बीण कामाची न्हाई. हीच खरी. आमच्या साऱ्या गावात हिचंच नाव हाय."

डॉक्टर खुर्चीत बसले. डावा डोळा मिटून बराच वेळ दुर्बिणीकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "सिस्टर, फवारा द्या. माझ्या पोटात घालू."

मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी स्वतःच्या घशात फवारा मारला, स्टुलावर ताठ बसले, नळी तोंडात घेतली आणि शेवया गिळाव्यात तशी हळूहळू गिळायला लागले. बूट मघाशीच काढलेले होते, तरी खाली बघून त्यांनी एकदा खात्री करून घेतली. वरचं टोक मी धरलं होतं. सवयीनं आधी मीच डोळा लावला. आत शेंगदाणे होते. सकाळीच मला म्हणाले होते, वजन वाढलंय, नाश्ता बंद केलाय. पण ते बोलायची ही वेळ नव्हती. डॉक्टरांनी हातानंच खूण केली, म्हातारीला बोलवा.

म्हातारी वाकली. बघितलं. आणि किंचाळली.

"अगं माय! डागदरालाबी घातलं हिनं!"

"कधी घातलं?" मीच ओरडले.

"आत्ताच तर चहा पेले की तिच्या हातचा!" म्हातारी माझ्याकडे वळली आणि तिच्या डोळ्यांत एकदम कणव आली. "बाई, तुमीबी पेलाव न्हाई का?"

खरं सांगते, मी नर्सिंग शिकलेली बाई, ते ठिपके मी रोज बघायचे, त्यातला एक तर माझ्याच नावाचा होता. तरी त्या क्षणी माझा हात माझ्या पोटाकडे गेला. डॉक्टर नळी तोंडात ठेवून हातवारे करत "आ, आ" असं काहीतरी सांगायला बघत होते.

"बगा, वाचा गेली," म्हातारी म्हणाली.

डॉक्टरांनी नळी उपसून काढली. डोळे लाल, हनुवटीवर लाळ. म्हातारीच्या लेखी आता निकाल लागला होता. "चल गं, ऊठ," ती सविताला म्हणाली. "पेडगावला सोडू आन तसंच म्होरं जाऊ." धाकटा खिडकीतून खालच्या जीपकडे बघत होता. त्याचा मला म्हातारीपेक्षा जास्त राग आला. सवितानं थर्मासचं झाकण घट्ट लावलं आणि डॉक्टरांसमोर येऊन उभी राहिली. रडत नव्हती.

"साहेब," ती म्हणाली, "तुमची दुर्बीण माज्यावर खोटं बोलायलीय."

डॉक्टरांना बारा वर्षांत मी खाली मान घातलेलं बघितलं नव्हतं, ते त्या दिवशी बघितलं. तोंड खोटं बोलतं, दुर्बीण नाही, असं ते जन्मभर म्हणत आले होते, आणि त्यांच्या त्या दुर्बिणीच्या साक्षीवर एका पोरीचं घर मोडत होतं. ते उठले आणि अनवाणीच जिना उतरले. वर आले तेव्हा हातात सायकलवाल्याची लोखंड कापायची करवत होती.

"सर, काय करायलात?" मी म्हटलं.

"धरा तिकडून. घट्ट धरा."

मी धरलं. ही नळी मी बारा वर्षं रोज हातानं धुतली होती, मऊ फडक्यानं पुसली होती, तिच्यावर चिडले होते, ती बदला म्हणून भांडले होते. पण त्यांनी करवत टेकवली तेव्हा मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही. वरचं काळं रबर सहज कापलं गेलं. मग तारेची जाळी आली, मग धातूची गुंडाळी. शेवटी कट्ट आवाज झाला, नळीचे दोन तुकडे झाले आणि कापलेल्या तोंडातून आतले काचेचे धागे मोकळे होऊन जमिनीवर पसरले.

"ही बघा काच!" डॉक्टर धापा टाकत म्हणाले. "हे धागे. हे तुटतात, मग ठिपका दिसतो. आता तरी पटलं का?"

म्हातारी त्या धाग्यांकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा उजळला.

"केस!" ती म्हणाली. "केस निगाले! जाणता म्हनलाच हुता, केस आसतील मून!" तिनं दोन्ही हातांनी डॉक्टरांना नमस्कार केला. "देव मानूस हाव तुमी. भल्याभल्यांना निगाले नसते."

डॉक्टर जमिनीवर बसले. करवत हातातून गळाली. त्यांच्याकडे कापायला आता दुसरं काही उरलं नव्हतं.

तेवढ्यात धाकटा खिडकीपासून पुढं आला. वाकून त्यानं त्यातला एक झुपका तळहातावर घेतला, उजेडात धरला आणि सकाळपासून पहिल्यांदा आपणहून बोलला.

"माय, पांढरे हायेत."

सविताची वेणी काळीभोर, कमरेपर्यंत. थोरल्यानं पडल्या पडल्याच मान वळवून आईकडे बघितलं. धाकटाही बघायला लागला. त्यांच्या घरात पांढरं डोकं एकच होतं. म्हातारीचा हात हळूच वर गेला आणि तिनं पदर कपाळापर्यंत पुढं ओढून घेतला.

"केस कुटले?" ती एकदम कडाडली. "काच हाय ती! डागदर कवापासून घसा कोरडा करून सांगायलाय, काच हाय, धागे तुटलेत मून! आयकायचंच न्हाई कुणाचं. दुर्बिणीत डाग पडत्यात, येवढंबी कळत न्हाई? शिकून उपेग काय तुमचा? आडानी कुठले!"

"हौ," डॉक्टर जमिनीवरूनच क्षीण आवाजात म्हणाले. "काच."

"बगा! काच!" म्हातारीनं थोरल्याला दंडाला धरून उठवलं. "आन तू, तंबाखू सोड आदी." मग सविताकडे न बघता म्हणाली, "हुबी काय ऱ्हायलीस? चल घरी. सैपाकाला उशीर व्हायलाय."

ते सगळे जिना उतरले. खाली जीप सुरू झाल्याचा आवाज आला. मी फडकं घेऊन काच गोळा करायला लागले. डॉक्टर दुर्बिणीचे दोन तुकडे मांडीवर घेऊन तसेच बसून होते. विज्ञान जिंकलं होतं असं म्हणावं, तर जिंकणाऱ्याची ही दशा. नवी घेऊ, असं म्हणायची माझी हिंमत नव्हती.

जिन्यावर पावलं वाजली. सविता परत आली होती, थर्मास बाकड्यावर राहिला म्हणून. थर्मास घेऊन ती दारातच थांबली.

"साहेब, समद्यांनी बगितलं," ती म्हणाली. "मला कुणी दावलंच न्हाई."

डॉक्टर उठले. चावे बसलेला, ठिपक्यांचा खालचा तुकडा त्यांनी बाजूला ठेवला, भिंगाचा तुकडा रुमालानं पुसला, त्याचं कापलेलं तोंड खिडकीकडे केलं आणि भिंग तिच्यापुढं धरलं. तिनं थर्मास खाली ठेवला, वाकली, एक डोळा हातानं झाकून दुसरा भिंगाला लावला. खालून जीपचा हॉर्न वाजला. ती हलली नाही.

"काय दिसायलंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"नुसता उजेड." आणखी थोडा वेळ ती बघत राहिली. "ह्यात माजं तर काहीच न्हाई की, साहेब."

"तेच सकाळपासून सांगायलोय, माय."